इरासिल्दाची चूक

पाणी खात्याची इंजिनिअर इरासिल्दा बदली होऊन ब्राझीलमधल्या सेआराच्या त्या कोरड्या मुलखात परत आली आणि लिंदोमारच्या घशाखाली घास उतरेनासा झाला. दोघं फोर्तालेझाच्या कॉलेजात एका बाकावर शिकलेले. ती पुढे परदेशी शिकून आली, हा गावच्या पाणी कचेरीतच राहिला. पावसाळा संपला की धरणात पाणी किती, उन्हानं किती उडेल, पुढचा पाऊस बुडाला तर गावाला कुठवर पुरेल, हे वर्षानुवर्षं तोच सांगायचा. आता दुष्काळाचं पाचवं वर्ष होतं आणि जो तो विचारायचा, "बाई काय म्हणतात?"

बाई म्हणत होत्या, "हमखास मिळेल म्हणून आपण जे पाणी धरतो, ते जुन्या नोंदींवरून. त्या नोंदींत इतका वाईट दुष्काळच नाही. केळीच्या बागांचं पाणी यंदा निम्मं करा."

लिंदोमारचा तिळपापड झाला. हेच त्यानं दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, तेव्हा लोक जांभया देत होते.

"केस कापलेत तिनं. शोभतात हं," बायको झुलेइदे म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

त्या दिवसापासून तो तिच्या गणितात खोट शोधायला लागला. आकडेमोड चोख होती. शेवटी त्यानं एका कोळ्याची होडी घेतली, दोरीला लोखंड बांधलं आणि धरणाचा तळ चाचपला. जिथे खोल पाणी असायला हवं, तिथे दोरी आधीच चिखलात रुतत होती. इरासिल्दानं पाण्याची पातळी बरोबर घेतली होती, पण त्या पातळीला साठा किती हे धरण बांधलं तेव्हाच्या कोष्टकातून काढलं होतं. मधल्या काळात साचलेला गाळ तिनं धरलाच नव्हता.

त्या दुपारी तो दोनदा वाढून घेऊन जेवला.

"काय, लॉटरी लागली?" झुलेइदेनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "मी गप्प बसणार. तिच्या भरवशावर केळींना पाणी सोडतील, पुढच्या वर्षी तोंडघशी पडेल."

"आणि नळ कोरडे पडले की तू टाळ्या पिटणार?" झुलेइदेनं ताट उचललं. "इस्पितळात डायलिसिसला माझ्या आईचं रक्त त्याच पाण्यावर धुतात."

"चूक तिची आहे, माझी नाही."

"मग तिला सांग की!"

पाणी समितीची सभा चर्चच्या दालनात भरली. लिंदोमार उठला तो थोडा सासूसाठी, आणि खरं सांगायचं तर इरासिल्दाचा चेहरा पडलेला पाहायला.

"बाईंचा आकडा साफ चुकलाय!"

केळीवाल्या अब्दोरालनं मांडीवर थाप मारली. त्याच्या मुलीचा धर्मपिता लिंदोमार, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. "शाबास, कोंपाद्रे! सांग यांना!"

"पाणी त्या म्हणतात त्याहून कमी आहे. खाली गाळ आहे. केळींना निम्मं सोडाच, थेंबही देता येणार नाही."

अब्दोराल उभा राहिला. "बाप्तिस्म्याला माझी पोर हातात धरलीस, आणि आज तिच्याच तोंडचा घास काढतोस?"

लिंदोमारचं लक्ष इरासिल्दाकडे होतं. ती त्याच्या हातातला मोजणीचा कागद घेऊन वाचत होती. "बरोबर आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी चुकले. बरं झालं तू तळ पाहिलास, लिंदोमार."

चेहरा पडलाच नाही. चूक कबूल करणंसुद्धा हिला आपल्यापेक्षा चांगलं जमतं, हे त्याला चाकूसारखं लागलं.

बागा वाळल्या. अब्दोराल रस्त्यात दिसला की मान फिरवायचा. पुढचा पावसाळा खरंच बुडाला. नळांना पाळी लागली, लोक बादल्यांवरून भांडले, पण इस्पितळाचं पाणी एकदाही तुटलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाचा कौल देणाऱ्या, मार्चातल्या संत जुझेच्या सणाआधीच नदी वाहिली आणि रेडिओवाले मुलाखत घ्यायला गेले ते इरासिल्दाकडे.

लिंदोमारनं आधी रेडिओ बंद केला, मग पुन्हा लावला. ती सांगत होती, "गाळाची गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. ती लिंदोमार पेशोतोंनी शोधली."

"घे, आलं तुझं नाव!" झुलेइदे म्हणाली. "आता तरी पोट दुखायचं थांबलं?"

"मधलं नाव खाल्लं तिनं," असं म्हणून त्यानं ताट पुढे केलं.