कळसाडीच्या चौकटीवरची डबी

बावन्नाव्या वर्षी मी वसतिगृहात राहायला गेले, आणि तेही हिब्रू शिकायला! धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "ताई, शिंगं मोडून वासरांत शिरलीस." शिरले तर शिरले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. घरात प्रार्थना व्हायच्या त्या ऐकून पाठ केलेल्या, अक्षरओळख कुणालाच नव्हती. ठाण्याच्या या वर्गात मात्र सकाळी भाषा, दुपारी धर्म, रात्री गृहपाठ!

पहिल्याच आठवड्यात सरांनी सांगितलं, "लहानपणच्या घरातली एक ज्यू वस्तू आणा." कुणाकडे आजीचा शब्बाथचा दिवा होता, कुणाकडे चांदीचा पेला. माझ्याकडे काय? आई सरकारी नर्स, दर काही वर्षांनी बदली, गावात ज्यू घर आमचं एकच. आठवली ती फक्त शहाद्याजवळच्या कळसाडी गावातल्या भाड्याच्या घराच्या दारावरची मेझुझा. चौकटीला बसवलेली पितळी डबी, आत हिब्रू प्रार्थनेची गुंडाळी. बदली झाली तेव्हा आईने ती काढली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. ती मिळाली नाही तर मी वर्गात रिकाम्या हातांनी बसणार, हे मनाला फार लागलं होतं.

शनिवार आमचा शब्बाथ, विश्रांतीचा, म्हणून रविवारी रात्री निघाले. बोरिवलीहून गाडी धरा, पहाटे नंदुरबार. स्टेशनाबाहेर रिक्षात बसले आणि मिरचीच्या बाजारातल्या खकाण्याने सटासट शिंका! अहाहा, आलं आपलं गाव. पुढे एसटीने शहादा (बायकांना अर्धं तिकीट, सोडू नका), वाटेत प्रकाशा गावाच्या पुलावरून तापी दिसते. शहाद्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा खाल्ला. तिथून भाड्याच्या रिक्षाने कळसाडी. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच वेचणीला आलेला कापूस. शाळेतून येताना याच रस्त्यावर आम्ही ऊस मोडून खायचो.

आम्ही भाड्याने राहायचो ते पाटलांचं घर आता स्लॅबचं. पण सागवानी चौकट जुनीच! आणि तिच्यावर डबी, शेंदराने आणि तेलाने पार काळी-तांबडी झालेली. माझे डोळे भरून आले.

"कोन शे वं?" घरमालकीण सुमनमाय अहिराणीत विचारत बाहेर आली. मी आईचं नाव सांगितलं. "नर्सबाईनी पोर! रेखा!" गावाने माझ्या रिबेकाची रेखाच केली होती.

चहा झाल्यावर मी भीतभीत डबी मागितली. "लई जाय, बेटा, तुन्ही मायनीच शे," ती म्हणाली. "मन्हा पोऱ्या आजारी व्हता तवय तुन्ही माय बोलनी, ऱ्हाऊ दे, घर राखस. तवयपासून पोरं बाहेर जातस तं हात लावतस."

तिच्या मुलाने स्क्रू काढून डबी माझ्या हातात दिली. चौकटीवर फिकट पट्टा उरला. मला निरोप द्यायला उंबरठा ओलांडताना सुमनमायचा हात सवयीने त्या पट्ट्यावर गेला आणि मग कपाळाला लागला. तिचं तिलाच हसू आलं. मला मात्र हुंदका आवरेना.

मी आतली गुंडाळी काढून घेतली आणि डबी परत दिली. म्हटलं, "वाचायचं ते मी नेते, राखायचं ते तुमच्याकडे ठेवा."

"रिकामी चाली का?"

"तुम्हाला चालेल का?"

"आम्हले कोठे वाचता येस! हात लावाले पुरे."

मुलाने तिथेच स्क्रू आवळले.

वर्गात सरांनी गुंडाळी उलगडून उजेडात धरली. शाई तडकली होती, बरीच अक्षरं उडून गेली होती. "ही आता चालत नाही," ते हळूच म्हणाले. "मानाने पुरावी लागेल." उरलेली अक्षरं मी बोट ठेवून वाचली. आईला जे कधी वाचता आलं नाही, त्यातलं एवढं मला आलं. मग ती गुंडाळी आम्ही आमच्या कब्रस्तानात पुरली.

वर्ग संपवून मी घरी परतले, माझ्या दारावर आता नवी मेझुझा आहे. सरांनी शिकवलंय, बोटं लावून ओठांना न्या. मी रोज ठरवते. पण निघायच्या गडबडीत हात आपसूक कपाळाला जातो, कळसाडीसारखा.