सेन्सरवरचं कुंकू

जाधवमामा गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही वर्कशॉपमध्ये रोबोचं चाक बसवत होतो. निफाडजवळच्या त्यांच्या गावी, सकाळी चहा घेता घेता... आठवड्यावर प्रोजेक्टची परीक्षा होती. पुढे ढकलायचा अर्ज करू, असं माझा पार्टनर ओंकार म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले. मामांना हे कारण अजिबात चाललं नसतं.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात मामा वर्कशॉप सांभाळत. लेथपासून सोल्डरिंगपर्यंत सगळं त्यांना यायचं, पण विद्यार्थ्यांच्या कामाला ते बोटही लावत नसत. "मी हात लावला तर चालंल गं, पण मग ते तुझं नाय राहायचं," म्हणायचे. मला याचा भयंकर राग यायचा. येतंय तर सांगायला काय जातं माणसाचं?

आमचा रोबो साधाच. जमिनीवरची काळी पट्टी बघत चालायचं आणि द्राक्षांचं क्रेट बागेच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायचं, एवढंच त्याचं काम. दसऱ्याच्या आधी तो सरळ चालू लागला होता. खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा मी त्यालाही झेंडूची माळ घातली आणि भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं. सुट्टीनंतर बघतो तर गडी पट्टी सोडून डावीकडे पळतोय! तीन दिवस मी प्रोग्रॅम उलटापालटा केला, ओंकारशी कडाकडा भांडले. मामा बाजूला उभे राहून नुसते बघत होते. शेवटी माझा तोल गेला. "मामा, तुम्हाला कळलंय ना? मग सांगा की!"

"पूजा तू केली ना? मग कुठं कुठं केली ते बघ."

मी वाकून पाहिलं. कपाळ समजून मी रोबोच्या ज्या पुढच्या पत्र्याला कुंकू लावलं होतं, तिथंच खाली काळी पट्टी बघणारे सेन्सर होते आणि कुंकू ओघळून डावा पार माखला होता. ओढणीने पुसला, रोबो सुतासारखा सरळ. रिपोर्टात मात्र मी 'सेन्सरमधील तांत्रिक दोष' असं लिहून मोकळी झाले. मामांनी ते वाचलं. "कुंकू लिवायची लाज वाटती व्हय? मंग पुढच्या वर्षीच्या पोरी बी तीन दिस घालवतील." मी हो हो म्हटलं आणि काहीच बदललं नाही.

ते गेल्यावर ते पान मला सलू लागलं. छापून, बांधून झालेला रिपोर्ट मी उसवला आणि खरं काय घडलं ते लिहिलं. मार्क गेले तर जाऊ देत.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच पान मोठ्याने वाचलं. सगळे हसले, माझे कान तापले. रोबो क्रेट घेऊन नीट पोहोचला, तरी सर त्या पानावरून हलेनात.

"आणि हा दोष शोधला कुणी?"

"मी शोधला, सर," मी म्हणाले. मामांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. हे एक वाक्य मला खरं बोलता यावं, म्हणून तो माणूस तीन दिवस माझा राग झेलत गप्प उभा राहिला होता.