भिंतीवरचा चेंडू

पत्नी गेली त्या दिवशी जळगावच्या आमच्या घरात बैठकीच्या खोलीत सतरंजी अंथरली गेली, ती तेरावं होईपर्यंत उचलायची नव्हती. माणूस गेल्यावर आमच्याकडे लोक दारावर येतात. भेटायला येतात असं कुणी म्हणत नाही, दारावर येतात. बाया उंबऱ्याशीच गळा काढतात, आतल्या बाया साथ देतात, मग सगळे बसतात, पाणी पितात आणि आजारपणाची हकीकत पुन्हा पहिल्यापासून विचारतात. घरच्यांनी बसून राहायचं. क्रिया मी धरलेली, म्हणून मला बाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. आयुष्यभर पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाला हे जड जायला नको होतं. पण मला बसवत नव्हतं. सारखं उठून आतल्या खोलीत जायचो, तिथे काय हवं होतं ते आठवायचं नाही, परत यायचो.

आणि शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी होती, जिला कधीच बसवत नाही.

तिला एडीएचडी आहे हे धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधाचं समजावून झाल्यावर ते म्हणाले होते, रोज संध्याकाळी अंग घामेजेल असा खेळ द्या, फक्त अगदी झोपायच्या वेळेला नको. मी घरी येऊन त्याविषयी मिळेल ते वाचलं. सगळं सावध भाषेत होतं: बऱ्याच मुलांच्या हालचाली सुधारतात, काहींची झोपही, प्रत्येकाचं सारखं नसतं. मी वाचत राहिलो तोवर पत्नीने चेंडू आणि दोरी आणून ठेवली.

आमच्या घरामागे शाळेचं मैदान आहे. मधल्या भिंतीवर त्या दोघी चेंडू मारायच्या, आधी मुलगी चुन्याच्या रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायची, मग दोरी, शेवटी पळणं. मी कधी गेलो नाही. खिडकीशी वाचत बसायचो आणि भिंतीतून आवाज यायचा. ठप, आणि लगेच पुन्हा ठप, म्हणजे झेलला. ठप आणि मग बराच वेळ काही नाही, म्हणजे सुटला. पहिले काही महिने शांतताच जास्त होती. पुढे ती कमी झाली. मुलगी शर्टाची बटणं स्वतः लावू लागली, जिन्यात धडपडायची थांबली. जेवण झालं की पेंगू लागली. त्याआधी तिला झोपवणं म्हणजे आम्हा दोघांचा रोजचा जागर होता.

आता चेंडू कपाटावर ठेवलेला होता. ठेवला अक्काने, माझ्या मोठ्या बहिणीने. ती धुळ्याहून आली होती आणि घर तिनेच सावरलं होतं.

"लोक दारावर येताहेत आणि ही मागे उड्या मारतेय," ती म्हणाली. "आईचं काही वाटत नाही म्हणतील पोरीला."

मुलगी बसली. म्हणजे सतरंजीचे दोरे उपसले, मांडी बदलली, कुणाच्या तरी काठीशी खेळली. गल्लीतले एक आबा हसून म्हणाले, "ही पोरगी शे का भुईचक्कर?" बाकीचेही हसले. रात्री ती कूस बदलत राहायची. सकाळी डोळे लाल. एका दुपारी तिने हट्टाने पाण्याचा ट्रे घेतला, जो ती एरवी नीट आणायची, आणि तो धुळ्याच्या पाहुण्यांच्या धोतरावर सांडला. इतक्या थोड्या दिवसांत हात सगळं विसरतात असं मी कुठे वाचलं नव्हतं. न झोपलेल्या मुलीचे हात होते ते. मला भीती वेगळीच होती. पत्नीने लावलेली झोप तिच्याबरोबरच गेली तर ती परत कशी आणायची, मला येत नव्हतं.

सासूबाई कोपऱ्यात होत्या. अमळनेरजवळच्या खेड्यातून आल्यापासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. सांडलेलं पाणी पुसून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "जवाई, मनी पोर हिले रोज कोठे ली जाये?"

त्यांची मुलगी नातीला रोज जिथे न्यायची, त्या मागच्या भिंतीकडे मी हात केला.

"मंग चेंडू काढा."

"मावशी, सुतक आहे," अक्का म्हणाली. "लोक काय..."

"लोके मले बोलतीन. मनी पोर गयी, मले कोण काय बोली?"

मी स्टुलावर चढून चेंडू काढला.

त्या संध्याकाळी बैठकीत चार-पाच जण होते. कुणीतरी कापसाच्या भावावर आलं होतं. भिंतीपलीकडून मुलीचा आवाज आला, "आजी, पदर खोच आधी. माझ्याकडे नको बघू, चेंडूकडे बघ!" आणि सासूबाईंचा, "धीरे टाक व माय, डोया फोडशी मना!" मग ठप. मग काहीच नाही. पुन्हा ठप, पुन्हा काही नाही. समोरचे गृहस्थ मला काहीतरी विचारत होते, मी मान हलवत होतो. बोलणं चालूच राहिलं, आणि मध्येच मला जाणवलं की ठप आणि ठप यांच्यातलं अंतर आखडलंय. मी हात मांडीखाली दाबून धरले.

दोघी आल्या तेव्हा सासूबाईंना धाप लागली होती. मुलगी घामाने भिजली होती. आंघोळ करून जेवली, थोडी चुळबुळली, आणि मी आत डोकावलो तेव्हा आईच्या उशीवर आडवी पसरून झोपली होती. अजून दिवेलागण होऊन फार वेळ झाला नव्हता.

तेवढ्यात दारावर शिरपूरच्या नात्यातली एक बाई आली. उंबऱ्याशी तिने पदर तोंडाला लावला, श्वास भरला. हा गळा निघाला की सगळ्या घराने साथ द्यायची असते. सासूबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिचा हात धरला.

"रडजो," त्या हळूच म्हणाल्या, "पन धीरे. पोर झोपेल शे."

ती बाई तशीच थांबली. मग खाली बसली आणि पदरात आवाज न करता रडली. बाकीच्या बायाही तशाच रडल्या. अक्का उठली आणि तिने आतल्या खोलीचं दार अलगद लोटून घेतलं.