लंगडीच्या डावात शब्दकोश

आमच्या शाळेत शिक्षक दोन आणि विद्यार्थिनी एक होती. तरीही पटसंख्या टिकवणं आम्हाला जमलं नाही.

शाळा अमरावतीच्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर भरायची. ती काढावी लागली आमच्या मुलीच्या, रूथच्या, आधीच्या शाळेतल्या गॅदरिंगमुळे. प्रमुख पाहुण्यांच्या शाली, नारळ आणि भाषण यांच्यापायी आमचं दहा वर्षांचं फुलपाखरू पंख लावून दुपारभर उन्हात उभं राहिलं आणि शेवटी भोवळ येऊन पडलं. (पाहुणे तेव्हा बालकांच्या आरोग्यावर बोलत होते.) मी त्याच आठवड्यात तिचं नाव काढलं. असल्या थाटामाटाचा मला तिटकारा आहे! म्हणून घरच्या शाळेत पहिल्या दिवशी मी फक्त प्रार्थना, स्वागतपर भाषण आणि स्वतःसाठी हातांची खुर्ची एवढंच ठेवलं.

"मुख्याध्यापक," माझी बायको सुषमा म्हणाली, "भाषण झालं असन तर चक्कीवरून दळण घेऊन या."

गणित-विज्ञान तिच्याकडे, मराठी माझ्याकडे. कॉलेजात मी तीच शिकवतो. नियम एकच, घरात वऱ्हाडी 'मले-तुले' चालणार नाही. (सुषमानं तो एक दिवसही पाळला नाही.) बरोबरीची मुलं नसल्यामुळे, आईची सोडली तर रूथच्या कानावर मराठी दोघांचीच पडायची. आठवडाभर माझी आणि रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांची. वर्ष संपता संपता ती 'खचित' आणि 'तथापि' सहज बोलू लागली. मला धन्य वाटलं.

"हिले मैत्रीण पाहिजे," सुषमा म्हणायची, "आन् तुमाले श्रोता."

सहलीही काढल्या. अकोटचं कापसाचं जिनिंग पाहिलं, बार्शीटाकळीचं जुनं देऊळ पाहिलं. देवळाजवळ मुलं खेळताना दिसली तशी रूथ थबकली, आणि मी तिला कोरीवकाम दाखवलं.

बार्शीटाकळीहून परतताना अकोल्याला सुषमाच्या बहिणीकडे, मीनाकडे थांबलो. गल्लीत पाच-सहा पोरी लंगडी खेळत होत्या. रूथ दारातून बराच वेळ पाहत राहिली.

"पप्पा, जाऊ?"

"जा. पण नीट बोल."

ती नीट बोलली. अंगात पांढरा फ्रॉक, छातीशी काळ्या पुठ्ठ्याचा जाडजूड शब्दकोश (सहलीला शब्दकोश न्यायचा, हीदेखील माझीच कल्पना!), आणि समोर थांबलेल्या पोरी. "भगिनींनो," ती म्हणाली, "मी आपणांकडे एक विनंती घेऊन आले आहे."

लंगडी घालणारीचा दुसरा पाय खाली टेकला. दुसरी एक जण किंचाळली, "मम्मी वो! प्रचारवाले आले!"

मम्मी ओले हात झटकत बाहेर आली. "आमाले काई नोको बाप्पा! आमचे देव आमाले पुरतात. एवढ्याशा पोट्टीले पुढं करून राहिले, लाज नाई वाटत?"

मी धावलो. "बाई, आपला गैरसमज होत आहे. आम्ही येथे कोणताही संदेश देण्यास आलेलो नाही."

"मंग असे काहून बोलून राहिले?"

मी रूथला शब्दकोश उघडून बाईंपुढे धरायला लावला. "पाहा, यात नुसते शब्द आहेत!"

"सारे असंच सांगतात!"

दारं उघडली, गच्च्या भरल्या. आपण धर्मप्रसारक नाही हे पटवण्यासाठी मी गल्लीच्या मधोमध उभा राहून जेवढं बोललो, तेवढं लांब प्रवचन आमच्या पाळकांनी ईस्टरलाही दिलेलं नाही. शिक्षणपद्धती, थाटामाट, संविधान, काही सोडलं नाही! एका आजोबांनी तर भक्तिभावानं हात जोडले. मग एका तरुणानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं, आणि माझ्या शुद्ध मराठीला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात मीना आली. "अवो वैनी, माह्या बहिणीची पोरगी हाय! लंगडी खेळाले आली, धरम घेऊन नाई आली!"

"अस्सं!" मम्मी हसली. "मंग 'मले खेळू द्या' म्हनाव ना! जाय माय, खेळ."

पण खेळणार कुणाशी? माझं भाषण चालू असतानाच आयांनी आपापल्या पोरी घरात ओढल्या होत्या. खडूनं आखलेल्या चौकोनात रूथ एकटी उभी होती. थोडा वेळ तिनं एका पायावर उभं राहून पाहिलं. मग शब्दकोश माझ्या हातात दिला.

परतीची बस मूर्तिजापूरला थांबली तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मले शाळेत टाका."

"'मला', रूथ," मी सवयीनं म्हणालो.

ती उठली आणि पलीकडच्या बाकावर सुषमाशेजारी जाऊन बसली.

जूनमध्ये जवळच्या शाळेत तिचं नाव घातलं. परवा पालकसभेला वर्गाच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "पोरगी हुशार आहे, मैत्रिणीही पुष्कळ आहेत. पण निबंधात सारखं 'मले-तुले' लिहिते हो! तुमच्या घरी शुद्ध मराठी बोलणारं कोणीच नाही का?"

पलीकडे मैत्रिणींच्या घोळक्यातून रूथ श्वास रोखून माझ्याकडे पाहत होती. एकवीस वर्षांची मराठीची नोकरी मी बाजूला ठेवली.

"नाई जी," मी म्हणालो, "आमच्या घरी सारे असेच हायेत."