डोराच्या बोटांवरून गेलेला बॉल

ग्रेनाडा बेटावरच्या आमच्या ग्वाव गावात, जायफळाच्या कोठारात वरच्या फळीवरचं पोतं काढायचं असलं की कुणी शिडी शोधायला जात नसे. "डोराला हाक मारा," एवढंच म्हणायचे. डोरा मोदेस्त यायची, टाचा जरा उचलायची आणि पोतं खाली. जवळजवळ सहा फुटांची बाई, आणि हात तर त्याहूनही लांब वाटायचे. बसली की ते हात कुठे ठेवावेत हे तिला कळायचं नाही, म्हणून ती फारशी बसायचीच नाही.

दिवसभर इतर बायकांबरोबर जायफळं निवडायची, पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी काढायची, आणि सुट्टी झाली की तसेच जायपत्रीचा वास येणारे हात घेऊन चर्चमागच्या कोर्टावर यायची. तिथे आम्ही बाकीच्या सहाजणी असायचो. मी मासळीबाजारातून यायचे, म्हणजे माझा वास तर विचारूच नका. आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या शहरातल्या पोरी म्हणायच्या, ग्वावच्या टीमशी खेळलं की रात्रीच्या जेवणाची भूक लागते.

नेटबॉलचा सामना चार डावांचा, आणि त्यात बॉल घेऊन पळता येत नाही. रिंगेच्या मागे फळी नसते. टाकणारीनं जागेवर उभं राहून नेमका टाकायचा, आणि अडवणारीनं तीन फुटांवरून हात ताणून अडवायचा. डोरा अडवणारी. आमच्या रिंगेखाली ती उभी राहिली की समोरच्या पोरीला रिंग दिसायचीच नाही, फक्त डोरा दिसायची.

विशीत ती ग्रेनाडाकडून खेळली. तीन वर्षं. बार्बाडोसला एका सामन्यात तिथल्या नावाजलेल्या पोरीला तिनं अख्ख्या डावात एकही गोल करू दिला नव्हता, आणि रेडिओवर तिचं नाव ऐकून आमच्या रमच्या दुकानातल्या बाप्यांनी टोप्या काढल्या होत्या. मग केझियाचा जन्म झाला. निवडणारे म्हणाले, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी गेली तर तिच्या जागेवर दुसरी उभी होती. डोरानं वाद घातला नाही. बस पकडून परत आली आणि मला म्हणाली, "ऑर्लीन, गाव तरी मला काढणार नाही ना?"

"तुला काढून तुझ्या जागी नारळाचं झाड लावायचं का?" मी म्हटलं. त्यावर ती हसली, आणि तो विषय तिथंच संपला.

केझिया आमच्या बाकाखालीच वाढली. तिचा बाप लिंकन मच्छीमार. त्यानं कुठूनशी लोखंडी कडी आणून अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाला ठोकून दिली. डोराला वाटत होतं पोरीनं आपल्यासारखं अडवायला शिकावं. पोरीला टाकायचं होतं.

"टाकणारीचं कौतुक सगळं जग करतं," डोरा तिला म्हणाली. "अडवणारीला फक्त टाकणारी ओळखते. पण बरोबर ओळखते."

"मग मला कौतुकच हवंय, मम्मी," केझिया म्हणाली. सात वर्षांची होती तेव्हा.

त्या दिवसापासून डोरा रोज संध्याकाळी त्या झाडाखाली लेकीसमोर हात ताणून उभी राहायची, आणि एकही बॉल सहज जाऊ द्यायची नाही. पोर रडायची, बॉलला लाथ मारायची, घरात जाऊन दार आपटायची, आणि पुन्हा बाहेर यायची. शेजारपाजारच्या बायका कुंपणावरून सांगायच्या, "अगं, लेकरू आहे. एखादा तरी जाऊ दे." लिंकन जाळं विणत बसलेला असायचा. तो म्हणायचा, "माझ्या जाळ्यातून मासे सुटतात. हिच्या हातातून पोटची पोर सुटत नाही."

केझिया सोळा वर्षांची झाली तेव्हा पुढच्या शिक्षणासाठी शहरात, सेंट जॉर्जेसला, मावशीकडे गेली. तिथल्या हार्बर क्लबानं तिला लगेच बोलावलं. पोरगी उंचीनं आईवर गेलेली, नेम पक्का, कोण सोडणार? पण हार्बर म्हणजे आमचा जुना वैरी. ग्वावमध्ये कुजबुज सुरू झाली. कोठारात एकीनं डोराच्या तोंडावर म्हटलं, "वाढवलं गावानं आणि गोल करणार शहरासाठी."

डोरा जायफळं निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वाढवलं मी. गावानं फक्त बघितलं."

केझियाची पिशवी डोरानंच भरली. मी तेव्हा त्यांच्या ओट्यावर होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"तिकडची जर्सी घाल, छान खेळ," डोरा म्हणाली. "पण कोर्टावर माझ्यासमोर आलीस तर मम्मी म्हणून हाक मारायची नाही."

"मग काय म्हणू?"

"तोंडात येईल ते म्हण. पंचाला ऐकू जाऊ देऊ नको म्हणजे झालं."

दोन वर्षं गेली. त्या वर्षी आम्ही कशाबशा, धडपडत, स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलो आणि समोर हार्बर. डोरा तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. तिच्या गुडघ्याला सामन्याआधी मी एरंडाची पानं गरम करून बांधायचे आणि सामन्यानंतर ती मला शिव्या द्यायची. सगळ्यांना माहीत होतं की देशाची टीम निवडणारे लोक त्या दिवशी येणार आहेत, आणि केझियाकडे त्यांचं लक्ष आहे.

पेपेच्या बसमधून किनाऱ्यानं शहरात निघालो होतो. मी डोराच्या शेजारी बसले होते. बरेच दिवस मनात होतं ते मी बोलले.

"डोरा, मी म्हणते, आपण आता जिंकलो काय, हरलो काय. पोरीचं आयुष्य उभं राहतंय. दोन-तीन बॉल सोडलेस तर कुणाला कळणार आहे?"

ती माझ्याकडे वळली. "ऑर्लीन, मासे तोलताना तू काटा मारतेस का?"

"कधीकधी," मी म्हटलं.

सगळी बस हसली. पेपे तर म्हणाला, "कधीकधी? माझ्या बायकोला विचार." डोरासुद्धा हसली. मग ते हसू ओसरल्यावर हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "मी सोडलेला बॉल तिला लगेच कळेल गं. मग पुढे ती जे जे कमावेल, त्यातलं आपलं किती आणि आईनं दिलेलं किती, हे तिला कधीच उमगायचं नाही. मी तिच्याशी असं वागणार नाही."

 

शहरातलं कोर्ट माणसांनी भरलं होतं. लिंकनही आला होता, अंगात ग्वावचा हिरवा सदरा आणि डोक्यावर हार्बरची निळी टोपी. आमच्याकडचे त्याला म्हणाले, "काय रे, खालून आमचा आणि वरून त्यांचा?" तो म्हणाला, "मला रात्री त्याच घरात झोपायचंय, आणि नाताळला दोघींच्या हातचं खायचंय."

पहिल्या डावात डोरानं पोरीला अक्षरशः झाकून टाकलं. केझियानं बॉल घेतला की हे दोन लांब हात तिच्या डोळ्यांपुढे. एक गोल झाला तिचा, बाकीचे सगळे डोरानं पाडले. आमच्या बाजूचे लोक ओरडायला लागले, "केझिया, घरी आई वाढते तरी का तुला?" पोरीचा चेहरा लाल झाला. निवडणाऱ्यांपैकी एक बाई बाजूच्या माणसाला काहीतरी सांगत होती, आणि त्या दोघांनी मान हलवली ती मला चांगली वाटली नाही. मला वाटलं, संपलं. आईनंच लेकीची वाट बंद केली.

पहिल्या डावानंतरच्या विश्रांतीत हार्बरची प्रशिक्षक बाई केझियाला बाहेर बसवायला निघाली होती. आम्हाला ते सगळं दिसत होतं. केझिया तिच्याशी काही बोलली, एकदा आमच्या दिशेनं पाहिलं आणि परत कोर्टावर आली.

नंतर ती जे खेळली ते मी आधी कुणाला खेळताना पाहिलं नव्हतं. बॉल हातात आला की ती रिंगेकडे वाकायच्या ऐवजी उलटी एक पाऊल मागे जायची, एका पायावर तोल सांभाळायची आणि बॉल सरळ आभाळात टाकायची. इतका उंच की क्षणभर वाटायचं, हा कुठे चालला. मग तो वरून खाली, रिंगेच्या मधोमध. डोरा पुढे झुकली, टाचा उचलल्या, तरी तो तिच्या बोटांवरून वीतभर वर. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच.

डोरानं हा बॉल कधी पाहिलाच नव्हता. घरच्या नीरफणसाच्या फांद्या कडीवर वाकलेल्या, तिथं एवढा उंच बॉल टाकायला जागाच नव्हती. हे पोरीनं उघड्या कोर्टावर, शहरात शिकलेलं होतं.

पण डोरा म्हणजे डोरा. तिसऱ्या डावात तिनं दुसराच उपाय काढला. बॉल केझियापर्यंत पोचूच द्यायचा नाही. ती तिच्या पुढे येऊन मधल्यामधे बॉल उचलायला लागली, आणि मी, जाड्या पायांची मासेवाली, तिनं फेकलेले बॉल पुढच्या पोरींकडे पोचवता पोचवता धापा टाकत होते. आम्ही बरोबरी केली. एक्केचाळीस वर्षांची बाई आणि अठरा वर्षांची पोर, दोघी एकमेकींच्या अंगावरचा घाम पुसतील इतक्या जवळ, आणि एकमेकींशी शब्द नाही.

चौथ्या डावाच्या अगदी शेवटी आमच्या टाकणारीचा गोल चुकला. बॉल एकीकडून दुसरीकडे करत आमच्या रिंगेकडे गेला आणि केझियाच्या हातात पडला. ती एक पाऊल मागे गेली. डोरा पुढे झुकली, तिचा सगळा देह त्या हातांत आला होता. बॉल तिच्या बोटांवरून गेला आणि रिंगेच्या कडेला न लागता आत पडला. शिटी वाजली.

 कुणी ओरडायचं आणि कुणासाठी, हे लोकांना कळेना. डोरानं खाली पडलेला बॉल उचलला, केझियाच्या हातात दिला आणि विचारलं, "हे कधी शिकलीस?"

"दोन वर्षं लागली," केझिया म्हणाली. "तुझे हात कुठपर्यंत पोचतात ते मला माहीत होतं, मम्मी. त्याच्यावरून टाकायचं शिकत होते."

कोर्टावर मम्मी म्हणायचं नाही असं ठरलेलं होतं. डोरानं तिला टोकलं नाही. तिनं पोरीला जवळ ओढलं, आणि त्या लांब हातांना तेव्हा कुठे ठेवायचं हे बरोबर कळलं. लिंकन निळी टोपी काढून तोंडावर धरून उभा होता.

परतताना पेपेनं बसमध्ये गाणं लावलं नाही. आम्ही हरलो होतो, म्हणून मान राखत होता बिचारा. थोडा वेळ गेल्यावर डोरा म्हणाली, "पेपे, कुणी मेलंय का? लाव की गाणं."

वाटेत बस थांबेल तिथे लोक खिडकीशी येऊन विचारायचे, काय झालं? आम्ही तोंड उघडायच्या आत डोरा सांगायची, "हरलो. माझ्या पोरीनं हरवलं." प्रत्येक थांब्यावर तेच, आणि प्रत्येक थांब्यावर आवाज आधीपेक्षा मोठा. गावात पोचेपर्यंत आम्ही सगळ्याच ते तिच्याबरोबर म्हणत होतो.

केझियाची निवड झाली. सेंट लुशियाला सगळ्या बेटांची स्पर्धा होती. तो शुक्रवार होता, आमच्याकडे दर शुक्रवारी रस्त्यावर मासे भाजून विकतात तशा चुली पेटलेल्या, पण त्या दिवशी कुणी गिऱ्हाइकाकडे बघत नव्हतं. रमच्या दुकानाबाहेर रेडिओ मोठा करून ठेवला होता. डोरा उभ्यानं ऐकत होती. पलीकडच्या टीमनं बॉल टाकायला घेतला असं रेडिओवाला म्हणाला की तिचे हात आपोआप वर जायचे. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला टँटी म्हणतात. "टँटी डोरा, बाजूला व्हा, माझ्या चुलीवर सावली पडते," असं कुणीतरी म्हटलं आणि तिनं ऐकलंसुद्धा नाही. ग्रेनाडा दुसरी आली. इतक्या वर पोचलेली आमची टीम मी तरी आधी ऐकली नव्हती. सर्वांत जास्त गोल केझिया मोदेस्तचे, असं रेडिओवाला म्हणाला, आणि मग त्यानं "ग्वावची" असंही म्हटलं. तो एक शब्द ऐकून जो कल्ला झाला, त्यात माझा भाजलेला एक अख्खा मासा कुणी तरी पळवला. मी जाऊ दिला.

टीमला ट्रकवर बसवून बेटाभोवती फिरवलं तेव्हा ट्रक आमच्या चौकातही थांबला. शाळेच्या मुली गणवेशात ओळीनं उभ्या होत्या. शहरातून आलेल्या साहेबांनी देशाची शान वगैरे बराच वेळ सांगितलं. डोरा गर्दीत नव्हतीच. ती मागे मोठ्या भांड्यात नीरफणस, अळूची पानं, खारवलेलं मांस आणि नारळाचं दूध घालून सगळ्या गावाचं ऑइल-डाउन ढवळत होती.

मग केझियाच्या हातात माईक दिला. ती फार बोलली नाही. "बॉल कसा टाकायचा ते मला खूप जणांनी शिकवलं," ती म्हणाली. "शाळेनं, हार्बरनं, देशाच्या टीमनं. पण माझ्या आईसमोर उभं राहिल्यावर दुसऱ्या कुठल्याच बेटाच्या पोरीची मला भीती वाटली नाही." एवढं बोलून ती ट्रकवरून उतरली, थेट भांड्याकडे गेली आणि पदक डोराच्या गळ्यात घातलं. डोरा म्हणाली, "अगं, वाफ लागेल त्याला." पण काढलं नाही. जेवणं होईपर्यंत ते तिच्या गळ्यात होतं, आणि वाढताना ते पुढे लोंबून पानात पडू नये म्हणून एका हातानं धरलेलं.

भांडं रिकामं झाल्यावर शाळेच्या मुली घोळक्यानं तिच्याकडे आल्या. केझियाकडे नव्हे, तिच्याकडे. एक बुटकी, दातात फट असलेली पोर पुढे होती.

"टँटी डोरा, आमच्यासमोर उभ्या राहाल का?"

डोरानं सगळ्यांना आपापले हात पुढे करायला सांगितले. एकेकीची बोटं उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "सोमवारी चार वाजता चर्चमागे या. नखं कापून या. ज्यांची वाढलेली दिसतील त्यांना मी परत पाठवीन."

सोमवारी मासे विकून मी कोर्टावर गेले तेव्हा उभं राहायला जागा नव्हती.