उधन्याला उतरायचं नाही

म्हसावदहून सुरतच्या विमानतळावर पोहोचायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. नंदुरबारपर्यंत जीप, पुढे रेल्वे, मग रिक्षा. आणि सुरत ते बेंगळुरू, हजार किलोमीटरच्या आसपासचं अंतर, विमान म्हणे दोन तासांत कापतं! काहीतरीच. मला ते पटतच नव्हतं.

बेंगळुरूला दिलेल्या बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिचा प्रवासच बंद केला. मग माय निघाली, एकटी. माझा ऊस तोडणीला आलेला, मला सुरतेच्या पुढे जाता येईना. मायला लिहिता-वाचता येत नाही, अहिराणीशिवाय बोलता येत नाही आणि पिशवीत लेकीसाठी डिंकाचे लाडू.

आमच्याकडून कुणी सुरतला निघालं की घरचे एकच गोष्ट बजावतात. आधी उधना येतं, तिथे उतरायचं नाही, सुरत पुढे आहे. माय एकदा लोक उठले म्हणून उधन्यालाच उतरली होती आणि आम्ही सुरतला डबे शोधत फिरलो होतो. म्हणून या वेळी मी माझं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, विमान पोहोचायच्या वेळेची जागा काचेवर बोटाने दाखवली आणि दहादा सांगितलं, "काटा आठे येवापावत उठानं नही, कितलाबी लोके उठोत." जसा काही मी रोजच विमानात बसतो!

तिला आत सोडून मी परतीच्या गाडीसाठी उधन्याच्या फलाटावर येऊन तीनेक तास बसलो. चहा घेतला, तो गोड लागला की कडू तेही कळलं नाही. तेवढ्यात बेंगळुरूच्या विमानतळावर मायला घ्यायला आलेल्या मेहुण्यांचा फोन. "दादा, विमान वेळेआधीच उतरलंय. लोक बाहेर यायला लागलेत. आई दिसत नाहीत आणि फोन बंद येतोय."

फोन बंद ठेवायला मीच तिला सांगितलं होतं. एवढ्या मोठ्या शहरात ती कुणाला काय विचारणार? कुठल्या दारातून बाहेर पडली असेल? मी नंबर लावत राहिलो आणि ती बाई पलीकडून बंद आहे, बंद आहे म्हणत राहिली. बहिणीला काय सांगू? डोळ्यांत पाणी आलं, शेजारचा माणूस बघायला लागला. बघू दे.

आणि मग मायचाच फोन आला.

"अरे, आठली एक पोर माले उतर उतर म्हनी ऱ्हायनी. तिनीच हाऊ फोन चालू करी दिन्हा. समदा लोके ग्यात. पन काटा आजून तठे उना नही. हाई उधना व्हई ना?"

विमान रिकामं झालं होतं, ती पोरगी, म्हणजे विमानातली हवाई सुंदरी, हात जोडून उभी होती आणि माझी माय घड्याळाकडे बघत पट्टा लावून बसली होती.

"उतर माय, उतर! तेच बेंगळुरू शे!" मी फलाटावर एवढ्याने ओरडलो की चहावाला दचकला. मग मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. छातीवरचा धोंडा उतरला एकदाचा.

मग तिने विचारलं, "तू कोठे शे?"

"उधनाले."

"अरे देवा," माय म्हणाली, "मन्हं इमान बेंगलोरले उनं, नी तू आजून उधनालेच?"