नळ पूर्वीसारखाच

मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५. सकाळी ६.१० ला पाणी आले. ९.४० ला लीलाधर प्लंबर आला. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. नळ जास्तच गळू लागला. नवा काढून जुना बसवला आणि गेला. नळ पूर्वीसारखाच.

एवढे लिहून झाले होते तेव्हा रूही आली. आमच्या मागच्या दोन खोल्यांत ती आणि तिचे वडील चांदभाई राहतात. चांदभाई रिक्षांचे हुड शिवतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना सुईचे नेढे दिसत नाही. म्हणून रूही रोज सकाळी पंधरा सुया ओवून उशीला टोचून ठेवते आणि मग संगणकापुढे बसते. तिची आई ती बारावीत असताना गेली.

रूही ब्लॉकचेनचे काम करते. मी तीनदा विचारले तेव्हा मला समजले ते असे. अनेक संगणक मिळून एकच वही ठेवतात. व्यवहार आला की त्यातल्या आज्ञा ओळीने चालवून वहीत बदल करणारा एक प्रोग्रॅम असतो, तो एक्झिक्युटर. आज्ञा चालताना काय काय घडले त्याची नोंद म्हणजे ट्रेस. त्यांच्या एक्झिक्युटरला दोनच गोष्टी येत, सगळे लिहिणे किंवा काहीच न लिहिणे. सगळे लिहिले की काम रेंगाळे. काहीच नाही लिहिले तर चूक सापडत नसे. रूहीला हे सुटे करायचे होते. ज्याला जे पाहायचे असेल त्याने आपला नोंद घेणारा सोबत आणावा, एक्झिक्युटरने त्याला फक्त ‘आता हे घडते आहे’ एवढे सांगत जावे.

शुक्रवारपर्यंत हे मंजूर झाले तर ती जळगावातूनच काम करू शकणार होती. नाहीतर एक मार्चपासून बंगळूर. तिचे वरिष्ठ भूपेंद्र यांनी काम दोनदा परत पाठवले होते. फसलेल्या व्यवहारांच्या नोंदी कोऱ्या येत होत्या, आणि पाहायच्या असतात त्या नेमक्या त्याच.

“आजी, काल लाइट किती वाजता गेली होती? माझी एक चाचणी मधेच थांबली.” तिने डायरीकडे हात केला.

“हात नको. काय हवं ते सांग, मी वाचते.”

“फक्त लाइट.”

“गेली ११.२०, आली १२.०५.”

“बाकीचं नाही सांगणार?”

“तू विचारलं नाहीस.”

ती हसली. “मला हेच तर करायचंय.” मग तिची नजर आजच्या पानावर गेली. “हे कशाला लिहिलं? नळ तर होता तसाच आहे.”

“नळ तसाच आहे. पण लीलाधर येऊन गेला ना? उद्या तो म्हणेल, मी तुमच्या नळाला हातच लावला नाही.”

“असं म्हणेल?”

“दिवाळीत म्हणाला होता.”

मी तिच्यासाठी ताट वाढले. धुळ्याला कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला दप्तरात रबर ठेवायची बंदी होती, हे मी तिला सांगत होते. चुकलेल्या ओळीवर सिस्टर एकच रेघ मारायला लावत. खालचे वाचता आले पाहिजे. रूहीचे लक्ष नव्हते. हातातला घास तिने ताटात ठेवला.

“व्यवहार फसला की एक्झिक्युटर वही पहिल्यासारखी करतो,” ती म्हणाली. “आणि मी नोंदी त्याच वहीच्या आत ठेवल्या, म्हणून त्याही पुसल्या जातात. म्हणजे मी डायरी लीलाधरच्या पिशवीत ठेवली, आजी. तो वॉशर घेऊन गेला, डायरीही घेऊन गेला.”

“मग बाहेर काढ.”

“तेच करते.” ती उठून गेली. ताटातला भात तसाच राहिला.

मी बराच वेळ त्या पानाकडे पाहत बसले. यांच्या शेवटच्या आजारपणात ज्या औषधांनी काही फरक पडला नाही, तीही मी तारीखवार लिहिली होती. नंतर जाऊबाई म्हणाल्या, फाडून टाका ती पाने, कशाला जीवाला त्रास. मी ती पुन्हा वाचली नाहीत, पण फाडलीही नाहीत. का, ते मला नीट सांगता आले नव्हते. त्या औषधांनी काही झाले नाही हे खरे. पण आम्ही ती दिली होती, हेही खरे आहे.

शुक्रवारी साडेचारला चांदभाई दारात येऊन उभे राहिले.

“अक्का, मंजूर व्हयनं.”

“काय मंजूर झालं, ते कळलं का तुम्हाला?”

“ते माले समजत नही. पोरगी घरमा शे, बस.”

मागून रूहीचा आवाज आला, “अब्बा, फसलेल्या नोंदी दिसायला लागल्या, एवढं तरी सांगा त्यांना.”

“तूच सांग,” चांदभाई म्हणाले. “मना हुड बाकी शे.”

त्या संध्याकाळी मी लिहिले: रूहीचे काम मंजूर. बंगळूरला जाणे रद्द. लीलाधर आज येतो म्हणाला होता, आला नाही. नळाखाली पितळी पातेले ठेवले.